पर्यावरण-अभ्यासाचा पदवी-पाठ्यक्रम आणि राजुरा तालुका

इ. स. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेले चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर उघडून त्यात राजुऱ्याचे वर्णन शोधू जाणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा होते. वर्धा नदीच्या पूर्वतीरावरील बल्लारपूर, तेथील किल्ला आणि कोळशाची खाण यांविषयी त्या ग्रंथात मजकूर आहे. परंतु नदी ओलांडून पश्चिमेस थोड्याच अंतरावर असलेल्या राजुऱ्याचा तालुका त्याच्या कक्षेबाहेर राहिला. कारण उघड आहे. वर्धा नदी ही त्या काळी मध्यप्रांत आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांमधील सीमा होती आणि राजुरा हा संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ मध्ये नांदेडकडून चांदा जिल्ह्याकडे आला. पुढे जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, आणि मूळ राजुरा तालुक्याच्या भूमीतून कोरपना व जिवती हे तालुके स्वतंत्र झाले. येथे ‘राजुरा तालुका’ हा शब्द त्या मूळच्या, व्यापक अर्थानेच योजला आहे.

हा प्रशासकीय इतिहास आणि पर्यावरणाचा पदवी-पाठ्यक्रम यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तथापि नदीच्या दोन्ही तीरांवर कोळशाचा थर एक आहे, साग आणि बांबू एक आहेत, पाऊस एकच आहे. भिन्न आहेत ती जमिनीची व जंगलाची कागदपत्रे. पूर्वतीरावरील कागद इंग्रजी-मराठी आणि इसवी सनाचे, तर पश्चिमतीरावरील जुने कागद उर्दू आणि फसली सनाचे. वनाची सीमा कोठे पडली, कोणाला कोणता हक्क राहिला, नाल्याकाठचे कुरण कोणाचे, हे प्रश्न या कागदांवाचून सुटत नाहीत. रसायन, वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासाबरोबर या दप्तराला पदवीच्या तीन वर्षांत कोणते स्थान द्यावे, हा पाठ्यक्रम आखणाऱ्यापुढील खरा प्रश्न आहे. प्रचलित पाठ्यक्रमांनी त्याला जवळजवळ काहीच स्थान दिलेले नाही. हे असे का झाले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तो विद्वत्सभांच्या विचारमंथनातून नव्हे. त्याचा उगम न्यायालयात आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्यात चित्रपटगृहांत दाखवावयाच्या चित्रपट्ट्या, आकाशवाणी व दूरदर्शनवरील कार्यक्रम यांच्याबरोबर शिक्षणाचाही उल्लेख होता. शालेय पातळीवर हा विषय सक्तीचा व्हावा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन पातळीवर तशी सक्ती करण्याचा विचार करावा, असे न्यायालयाने सुचविले. अंमलबजावणीला मात्र तब्बल एक तप लागले. न्यायालयाने पुन्हा एकदा कान पिळल्यावर २००३-०४ च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान पाठ्यक्रम तयार होऊन लागू झाला. त्याला अनुसरून आयोगासाठी जे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले, त्याचे लेखक पुण्याचे डॉ. एरच भरुचा होत.

या पाठ्यक्रमाची रचना अभ्यासनीय आहे. त्याचे आठ घटक आणि पन्नास व्याख्याने. विषयाच्या स्वरूपाला दोन, नैसर्गिक साधनसंपत्तीला आठ, परिसंस्थांना सहा, जैवविविधतेला आठ, प्रदूषणाला आठ, सामाजिक प्रश्नांना सात, लोकसंख्येला सहा, आणि उरलेली पाच व्याख्यानांइतकी वेळ क्षेत्रकार्याला. परीक्षा शंभर गुणांची. त्यांतील ७५ लेखी आणि २५ क्षेत्रकार्याचे. म्हणजे वेळेच्या हिशेबाने जो भाग एक दशांश, तो गुणांच्या हिशेबाने एक चतुर्थांश ठरला. ही विषमता चुकून झालेली नसून ती योजकांच्या मनातील कल दाखविते. विद्यार्थ्याने नदी, वन, कुरण वा डोंगर यांपैकी एखाद्या स्थानिक संपत्तीची नोंद करावी, प्रदूषित स्थळास भेट द्यावी, परिचयाच्या वनस्पती, कीटक व पक्षी ओळखावेत, तळ्यासारखी साधी परिसंस्था पाहावी, अशी त्यात अपेक्षा आहे. वाणिज्य, कला, अभियांत्रिकी अशा सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना एकाच पंक्तीला बसवून वाढावयाचे ताट म्हणून ते वाईट नव्हते. पण पाठ्यपुस्तक एक, परीक्षा लेखी आणि विद्यार्थी एकेका वर्गात शेकड्यांनी, अशा स्थितीत क्षेत्रकार्य म्हणजे एकाची वही दुसऱ्याने उतरवून घेणे, असा प्रकार होण्यास वेळ लागत नाही. पदवीचे स्वतंत्र पाठ्यक्रम आखणाऱ्यांनी यावरून एक बोध घ्यावयास हवा होता: जे शेवटच्या घटकात ठेवले जाते ते सत्राच्या शेवटी घाईत उरकले जाते. २०२३ मध्ये आयोगाने जो नवा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हवामानबदल, पर्यावरणव्यवस्थापन व कायदे यांना स्वतंत्र घटक मिळाले ही सुधारणाच होय. परंतु प्रत्यक्ष उदाहरणांचा अभ्यास आणि क्षेत्रकार्य यांची जागा तेथेही शेवटचीच राहिली.

सक्तीचा हा छोटा पाठ्यक्रम आणि पर्यावरणाची संपूर्ण पदवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पदवीची परंपरा दुसऱ्याच मार्गाने आली. नागपूर येथे १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हे तिचे मूळ विषय. स्टॉकहोमची १९७२ ची परिषद होऊन गेल्यावर, १९७४ मध्ये, तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. त्याच वर्षी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पर्यावरणविज्ञानाची शाळा निघाली. नाव बदलले तरी उपकरणे तीच असतात. पाण्यातील विद्राव्य घन, प्राणवायूची जैवरासायनिक मागणी, हवेतील धूलिकण यांचे मापन हे या विद्येचे प्रतिष्ठित अंग झाले आणि विज्ञानशाखेच्या पदवी-पाठ्यक्रमांचा कलही रसायन व जीवशास्त्र यांकडे राहिला. या मापनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ इतका अंक मिळून ते देशातील अत्यंत प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत चौथे आले, हे ज्ञान मापनामुळेच झाले. प्रश्न एवढाच की, मापन कोठे आणि कोणासाठी करावयाचे हे ठरविण्याची विद्या कोणती?

त्या विद्येची एक जुनी परंपरा महाराष्ट्रातच आहे आणि पर्यावरणाच्या पाठ्यक्रमकारांनी तिच्याकडे सहसा पाहिलेले नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. योजनेपूर्वी सर्वेक्षण, हा त्यांचा आग्रह. आणि स्थळ, काम व लोक ही त्यांच्या सर्वेक्षणाची त्रयी. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा एक उभा छेद काढावा, त्या उतारावर खाणकामगार, लाकूडतोड्या, मेंढपाळ, शेतकरी आणि कोळी कोठे कोठे राहतात ते दाखवावे, म्हणजे भूमी आणि धंदा यांचा संबंध डोळ्यांना दिसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईत त्यांच्यामागे विषयाचे वळण बदलले. सर्वेक्षणाचा धागा अर्थशास्त्राकडे गेला. जे. सी. कुमारप्पा यांनी गुजरात विद्यापीठासाठी केलेली मातर तालुक्याची पाहणी १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ व व्ही. आर. गाडगीळ यांनी केलेले वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचे सर्वेक्षण १९४० मध्ये बाहेर आले. दोन्ही अभ्यासांचे एकक तालुका हे आहे. जिल्हा विद्यार्थ्याच्या पायांना फार मोठा, आणि गाव प्रश्नाच्या मानाने फार लहान. तालुका मात्र तीन वर्षांत चालून पाहता येतो.

राजुऱ्याच्या दृष्टीने मात्र या सर्वांहून जवळचे उदाहरण आदिलाबादच्या डोंगरांत घडले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हैदराबाद संस्थानच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या तेव्हा गोंड आणि कोलाम यांची फिरती शेती, त्यांची पडीत टाकलेली शेते आणि कधी कधी वस्त्याही त्या रेषांच्या आत गेल्या. १९४० मध्ये आसिफाबादेकडील जोडेघाट येथे कुमराम भीम हे संस्थानच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर संस्थानाने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून या प्रदेशाची पाहणी करविली, आणि १९४३ मध्ये मारलावाई या गोंड गावी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. राजुरा त्या वेळी याच जिल्ह्याचा तालुका होता, हे येथे लक्षात ठेवावे. गोंडी भाषेची वाचनपुस्तके या केंद्रासाठी तयार झाली ती देवनागरी लिपीत. कारण राज्यकारभाराची भाषा उर्दू असली, तरी त्या जिल्ह्यात बाजाराची व परस्परव्यवहाराची भाषा बव्हंशी मराठी होती.

मारलावाईचे महत्त्व केवळ भाषेपुरते नाही. तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याबरोबरच पटवारी व तत्सम कनिष्ठ कामांसाठीही तयार करण्याचा हेतू होता. याचे कारण व्यावहारिक होते. ज्याच्या नावाने पट्टा होतो त्याला तो वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येतो तो गावचा नाही, अशी स्थिती असेल तर पट्टा एका पिढीतच दुसऱ्याच्या हाती जातो. संस्थानाने आदिवासींना जमिनी देण्याचे विशेष नियम केले, १३५६ फसली म्हणजे १९४६-४७ या वर्षी आदिवासी क्षेत्रांविषयीचे विनियमही केले. पण नियम वाचणारा माणूस गावात असल्यावाचून ते कागदावरच राहतात, ही गोष्ट तेव्हाच्या योजकांस उमगली होती. त्या योजनेत संस्थानी अनुग्रहाचा भाग होता, आणि चळवळ दडपल्यानंतरची ती मलमपट्टी होती, ही टीका योग्यच आहे. तरीसुद्धा जंगल, जमीन आणि कागद यांना एकाच शिक्षणक्रमात गुंफण्याचा तो प्रयत्न या परिसरातील पर्यावरणशिक्षणाचा पूर्वज मानावयास हरकत नाही. १९५६ मध्ये राजुरा आणि किनवट या बाजूस आले, मारलावाई त्या बाजूस राहिले, आणि हा धागा तुटला.

आता गेडिसचा उभा छेद राजुऱ्याच्या भूमीवर काढून पाहावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५६ एम या चौकटीत हा प्रदेश पडतो. नैर्ऋत्येकडे माणिकगडचा डोंगर. त्यावर दख्खनचा काळा बेसाल्ट, कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या आणि अलीकडच्या काळात दुष्काळामुळे मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची शेते. डोंगर उतरले की पैनगंगा समूहाचा कॅम्ब्रियनपूर्व चुनखडक लागतो. गडचांदूर आणि उपरवाही येथील सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे आहेत. त्यापुढे काळी, कपाशीची जमीन. नदीकडे सरकावे तसा पर्मियन काळातील बराकर थर जवळ येतो आणि सास्ती, गोवरी, पोवनी येथील कोळशाच्या उघड्या खाणी दिसू लागतात. या खोऱ्याच्या कोळशाविषयी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा प्रबंध १८७७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. शेवटी वर्धा नदी, आणि पलीकडच्या तीरावर बल्लारपूरची कागदगिरणी, जिला बांबू पुरविण्यात या सर्व जंगलांचा वाटा आहे. एवढ्या छोट्या अंतरात खडकाच्या तीन युगांवर तीन उद्योग आणि त्यांच्यामध्ये शेती व वन, असे चित्र महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मिळेल. पाठ्यपुस्तकाचे निम्मे घटक येथे पायी चालून शिकता येतात.

परंतु या छेदावर एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे हक्क. २००६ चा वनहक्क कायदा २००७ च्या अगदी अखेरीस अमलात आला. अनुसूचित जमातींच्या दावेदारांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींस मात्र त्या दिवसापूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब केला तर तो १३ डिसेंबर १९३० पाशी जातो. वर्धेच्या पूर्वेकडील गावात हा दिवस मध्यप्रांताच्या बंदोबस्ताच्या कागदांत आणि वाजिब-उल-अर्जमध्ये शोधता येतो. पश्चिमेकडे तोच दिवस फसली १३४० मध्ये पडतो. तेथे निस्तारपत्रकाची परंपरा नाही. आहेत ती सेतवार, पाहणीपत्रके, आणि हैदराबाद राज्याच्या अखेरच्या काळातील १९५४-५५ चे खासरा पत्रक. कायद्याच्या नियमांनी गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्ययोजना आणि संस्थानकालीन अभिलेख यांना पुरावा म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ज्या साधनांवर प्रबंध लिहावा, त्याच साधनांवर एखाद्या कुटुंबाचे घर आणि शेत अवलंबून असते. या परिसरातील पर्यावरणाच्या पदवीधरास ती साधने वाचता येऊ नयेत, हे त्या पदवीचे न्यून होय.

या कागदांमुळे सर्व प्रश्न दावेदारांच्या बाजूनेच सुटतील, अशी भाबडी समजूत मात्र पाठ्यक्रमाने रुजवू नये. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर, आणि विशेषतः गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर, सरकारी अभिलेखात जेथे वन अशी नोंद आहे ती जमीन, मालकी कोणाचीही असो, वनच समजली जाऊ लागली. जिवतीच्या डोंगरावर अनेक वर्षे नांगरली जाणारी शेते वनजमीन की महसुली जमीन, हा वाद त्यातूनच चिघळला. तेथील मराठवाड्यातून आलेल्या शेतकऱ्यास १९३० चा पुरावा मिळणे कठीण आहे, कारण त्याचे आजोबा तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. आणि त्याच शेतावर कधी काळी एखाद्या कोलाम कुटुंबाचे पोड होते, असेही निघू शकते. दोन गरीब दावेदार एकमेकांसमोर उभे राहतात. अशा प्रसंगी आवेशाचा उपयोग नाही; नकाशा, नोंद आणि वृद्धांची साक्ष यांची तुलना करण्याची सवय उपयोगी पडते. जिवती तालुक्याच्या सीमेवरील चौदा गावांची स्थिती तर याहून विलक्षण आहे. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश, व पुढे तेलंगणा, अशा दोन्ही राज्यांनी त्यांवर हक्क सांगितला, आणि तेथील रहिवाशांची नावे दोन्हीकडील मतदारयाद्यांत राहिली. सीमारेषा १९५६ ची; तिची संदिग्धता मात्र अनेक दशके टिकली. तेथे उगवणारा साग कोणत्या राज्याचा, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या तासाला सुटणारा नाही.

अर्थात अभिलेख हाच सर्व काही नव्हे. २०१९ पासून ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला जाईपर्यंत राजुरा परिसरातील एका नर वाघाने शेतात वा जंगलात गेलेल्या आठ जणांचे प्राण घेतल्याचे नोंदले गेले. वनखात्याच्या लेखी त्याचे नाव आरटी-१ असे होते. या घटनेचा अभ्यास करावयाचा तर जंगलाचे तुकडे कसे पडले, खाणी व रस्ते यांमधून वाघाचा मार्ग कोठून जातो, मोह व तेंदूच्या हंगामात आणि कपाशीच्या वेचणीत माणसे कोणत्या वेळी कोठे असतात, आणि मृत्यूंची ही संख्या अपघाती मानावी की तीत काही क्रम आहे, हे पाहावे लागेल. यासाठी प्राणिशास्त्र हवे, भूगोल हवा, आणि संख्याशास्त्र तर हवेच हवे. पदवी-पाठ्यक्रम निवडताना विद्यार्थी गणिताला भिऊन संख्याशास्त्र टाळतात. पर्यावरणाच्या पदवीत ही सवलत ठेवणे म्हणजे डोळे बांधून नेमबाजी शिकविणे होय.

आणखी एक प्रसंग असा आहे की, जेथे या साऱ्या विद्या एकाच दिवशी लागतात. १९९४ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत १९९७ मध्ये जनसुनावणीची तरतूद आली, आणि २००६ च्या अधिसूचनेने ती अधिक तपशीलवार केली. खाण वाढवावयाची वा नवा कारखाना काढावयाचा तर अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध व्हावा आणि सुनावणीची तीस दिवस आधी सूचना द्यावी, असा नियम आहे. सारांश मराठीत मिळतो. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजी. भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात मोजली, हवेचे नमुने कोणत्या गावी घेतले, वनस्पतींची यादी त्या जंगलात फिरून केली की जुन्या यादीवरून उतरली, हे तीस दिवसांत तपासून ग्रामसभेला मराठीत, आणि शक्य तेथे गोंडीत, समजावून सांगणारा माणूस हवा. राजुऱ्याच्या पदवीधराकडून हे काम होऊ शकले तर त्याची तीन वर्षे सार्थकी लागली असे म्हणता येईल. तो खाणीच्या बाजूने बोलेल की विरुद्ध, हा त्याचा प्रश्न. अहवाल वाचता येणे हा पाठ्यक्रमाचा.

या दृष्टीने तीन वर्षांची मांडणी कशी असावी? पहिल्या वर्षी भूविज्ञान, जल आणि नकाशावाचन यांना प्राधान्य असावे. माणिकगडपासून वर्धेपर्यंतचा छेद विद्यार्थ्याने स्वतः चालून काढावा, आणि तो छेद हाच पुढील दोन वर्षांच्या सर्व कामाचा पाया धरावा. क्षेत्रकार्य शेवटच्या घटकातून काढून पहिल्या महिन्यात आणणे, एवढ्यानेही बरेच साधेल. रसायन व जीवशास्त्र याच वर्षी सुरू व्हावे, परंतु प्रयोगशाळेतील पाण्याचे नमुने कोठून आणले हे प्रत्येक प्रयोगवहीत लिहिलेले असावे. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र सर्वांना सक्तीचे, परिसंस्थाशास्त्र, आणि त्यांच्या जोडीला एक संपूर्ण पत्रिका अभिलेखवाचनाची. तीत सातबारा आणि गावनमुने, संस्थानी व मध्यप्रांती महसूलपद्धती, फसली व इसवी सनांचा मेळ, वनखात्याच्या कार्ययोजना, आणि उर्दू लिपीची निदान एवढी ओळख की पत्रकातील रकान्यांचे मथळे व नावे लावता यावीत. उर्दू साहित्य शिकविण्याचा येथे प्रश्न नाही; मर्यादित शब्दांचा तो कोश आहे. तिसऱ्या वर्षी कायदा, अर्थशास्त्र आणि आघात-मूल्यांकन. आणि दोन्ही सत्रे मिळून एका गावाचा पूर्ण अभ्यास, ज्याची एक प्रत त्या गावाच्या ग्रामसभेकडे जावी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय अभ्यासगटाने शालेय पर्यावरणशिक्षणासाठी २००६ मध्ये असाच आग्रह धरला होता: विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी परीक्षेनंतर रद्दीत न जाता सार्वजनिक ज्ञानाचा भाग व्हाव्यात. जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव करावयाच्या नोंदवह्यांना या कामाची जोड सहज देता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, महसुली कागद वाचणे हे तलाठ्याचे काम, विद्यापीठाचे नव्हे. याला मारलावाईचे उदाहरण हेच उत्तर आहे. ज्या दिवशी हे काम केवळ अधिकाऱ्यांचे मानले जाते त्या दिवसापासून गावाला आपल्या भूमीचा इतिहास परक्याच्या तोंडून ऐकावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एवढे विषय एका पदवीत कोंबले तर विद्यार्थी कशातच निष्णात होणार नाही, आणि पुण्या-नागपूरच्या पदव्युत्तर प्रवेशात शुद्ध रसायन वा शुद्ध प्राणिशास्त्र शिकून आलेल्यांच्या मागे पडेल. ही भीती निराधार नाही. तिच्यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याने एका मूळ शास्त्राची पूर्ण तीन वर्षांची शिडी चढावी, मग ते रसायन असो, वनस्पतिशास्त्र असो वा भूगोल; इतर विषयांत त्याला कामापुरते ज्ञान असले तरी चालेल. वैकल्पिक विषयांचा बाजार मांडून त्यातून वाटेल ते उचलण्याची मुभा देणे मात्र या पदवीला मारक ठरेल, कारण त्या बाजारात अभिलेखवाचन आणि संख्याशास्त्र हे दोन माल कोणी उचलणार नाही.

राहिला प्रश्न शिक्षकांचा. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन होऊन चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांना स्वतःचे अभ्यासमंडळ मिळाले, त्यामुळे नागपूरच्या साच्यात प्रत्येक पाठ्यक्रम बसविण्याचे बंधन राहिले नाही. चंद्रपूर येथे वन अकादमी आहे, चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वनस्पती व वनव्यवस्थापन शिकविणारी माणसे जिल्ह्यात मिळू शकतात. अभिलेखवाचनासाठी तशी संस्था नाही. उर्दू शाळांतील शिक्षक लिपी शिकवू शकतील, परंतु महसुली लपेटीतील जुनी नोंद लावणे ही निराळी कला आहे. ती ज्यांना अवगत आहे अशी, पाहणीपत्रके हाताळलेल्या पिढीतील माणसे गावोगाव आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याकडून शब्द, संक्षेप आणि मोजमापाची एकके टिपून घेण्याचे काम पाठ्यक्रम मंजूर होण्याची वाट न पाहता, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने येत्या सुटीत आरंभावे असे आहे. पाठ्यपुस्तक त्यातूनच निघेल.